झूम नसलेली लेन्स

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात निजलेल्या लेकीची बाबागाडी हलवत मी रांगेत उभी होते. पुढे सासू-सून होत्या.

“आई, केदारच्या वाढदिवसाला परवडेल अशी ही एकच लेन्स आहे. पण हिला झूम नाही.”

“म्हणजे काय गं?”

“लांबचं जवळ दिसत नाही. फोटो काढायला आपणच जवळ जायचं.”

“बारशाचे फोटो त्याने कुठून काढले?”

“जिन्यावरून. सगळे!”

“हाका मारून माझा घसा बसला, तर म्हणे, ‘आई, हलू नकोस’!”

“हो ना!”

“आणि ही लावली की?”

“पाळण्यापाशी यावंच लागेल.”

“मग बघतेस काय? पॅक करायला सांग. आणि घरी गेल्यावर त्याची ती जुनी झूमवाली लांबडी लेन्स माझ्या बॅगेत टाक. पुण्याला नेते.”