ठिबकच्या नळीची पारख

कळंबच्या थांब्यावर मंगल एसटीची वाट बघत होती, पण कान मात्र शेजारच्या आजोबा-नातीकडं. नातीला प्लॅस्टिक इंजिनिअरिंगला जायचं होतं, आणि प्रवेशाचा आज शेवटचा दिवस.

“चार वर्षं प्लॅस्टिक शिकायचं? मी ठिबकची नळी नुसती दातानं चावून पारखतो. ही कालच घेतली, एक नंबर हाय.”

“आबा, एक तुकडा द्या, बाटलीत टाकते. चांगली नळी पाण्यावर तरंगते. खडूची भुकटी मिसळलेली असली की बुडते.”

“टाक की.”

“बुडाली.”

“पाणी जड असंल.”

“घरचंच हाय, तुमीच भरलं.”

“मग माझे दात कसे चुकले गं?”

“ते बी प्लॅस्टिकचेच हायेत, आबा.”

“...गाडी आली बघ. जा, नाव घालून ये.”

“आन् तुमी?”

“नळी परत करतो. दुकानदाराला सांगतो, आमच्या घरात इंजिनिअर हाय.”