पाच हातांचा कार्बन

मंडळी, कामं टाकून तुम्ही सगळे आलात. सुमन गेली, आणि समोर तिची आई बसली आहे. काकींकडे बघून बोलणं अवघड आहे. जपून बोलायचं ठरवून आलो होतो. पण आत्ताच विभागप्रमुखांनी कॉलेजतर्फे सुमनच्या नावाचं पदक जाहीर केलं. रसायनशास्त्रात पहिल्या येणाऱ्याला. आता जपून बोलणं जमेलसं वाटत नाही.

मी गास गावचा, तिच्या शेजारचा. जन्म बातम्या लिहिण्यात गेला. रसायनातलं जे थोडं कळतं, ते तिनेच शिकवलेलं. एकदा एव्हरशाईनच्या बस स्टॉपवर तिने माझ्या पेपरच्या कोऱ्या कडेला एक रेणू काढला. ट्रायमिथाइल ॲल्युमिनियम. दोन ॲल्युमिनियम, मध्ये पुलासारखे दोन कार्बन. पुलाच्या रेघा तिने तुटक काढल्या.

"तुटक का गं?"

"कार्बनला हात किती?"

"चार."

"तीन हायड्रोजनमध्ये अडकले. उरला एक. दोन्हीकडे अख्खी रेघ मारलीस तर पाच नाय का होत? इथे दोनच इलेक्ट्रॉन दोन ॲल्युमिनियम नि एक कार्बन अशा तिघांना धरून असतात. ॲल्युमिनियमला मुळात कमी पडतात, मग असं भागवतात."

इथे कॉलेजात, वर्गातही ती हेच शिकवायची. विभागाच्या नमुना उत्तरात मात्र गाईडमधल्या अख्ख्या रेघा. तिच्या मुलांचे मार्क कापले गेले. पालक आले. प्रमुख म्हणाले, "मॅडम, एका रेघेसाठी एवढं कशाला? ॲडजस्ट करा ना."

"सर, पाचवा हात तुम्ही बसवलाय. तुम्हीच काढा."

स्टाफरूममध्ये कोणी हसलं नाही. कोणी बोललंही नाही. पुढच्या वर्षी तिचा विषय काढून घेतला. शेवटपर्यंत ती पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगशाळेत ब्युरेटच्या काचनळ्या धुवायला शिकवत राहिली.

आज इथे तिला सत्यनिष्ठ म्हटलं गेलं. ज्यांनी म्हटलं, ते तेव्हा त्याच खोलीत बसलेले होते.

सर, ते नमुना उत्तर बदललं का? मघाशी बाहेर एका विद्यार्थिनीला विचारलं. ती म्हणाली, "नाही काका, अजून सॉलिड लाइनच. डॉटेड काढली की झिरो."

म्हणजे सुमनने शिकवलं तसं काढणाऱ्या मुलीचे मार्क जाणार, आणि सुमनचं पदक दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडणार. मग ते सुमनचं कसं? उत्तर बदला, नाहीतर पदकावरून तिचं नाव काढा. काकी, तुमची परवानगी गृहीत धरून बोलतोय.

आता आपण उभे राहू. दोन मिनिटं गप्प राहायचं आहे. कठीण नाही. तिच्या वेळी स्टाफरूम याहून खूप जास्त वेळ गप्प होती.