निघोजे घाटावर होडीचे इंजिन बंद पडल्याबाबत

उद्धव ज्ञानोबा काळदाते, वय ४७ वर्षे, धंदा इंजिन दुरुस्ती, शिक्षण चौथी, राहणार मौजे निघोजे, ता. खेड, जि. पुणे, मूळ राहणार औसा, जि. उस्मानाबाद.

मी आज दि. १८ ऑक्टोबर १९७८ रोजी कोणी न बोलावता चौकीत हजर राहून समक्ष सांगतो की, एकोणीस वर्षांपासून मी निघोज्यात डिझेल इंजिने दुरुस्त करतो. हे काम मला कोणी शिकवलेले नाही. खोलून, बघून, पुन्हा जोडून शिकलो. आजूबाजूच्या गावांतली एकतीस इंजिने माझ्या देखरेखीखाली आहेत. इंद्रायणीवर ग्रामपंचायतीची जी होडी चालते, तिचे इंजिन त्यांपैकीच. ते जुने, पाच हॉर्सपॉवरचे, पूर्वी विहिरीवर होते. टाकी इंजिनाच्या वर आहे. डिझेल आपल्या वजनाने खाली उतरते. होडी भैरू लक्ष्मण येळवंडे चालवतो. पलीकडच्या कंपन्यांत पहिल्या शिफ्टला जाणारी माणसे तिच्यातून जातात.

दि. १६ रोजी, सोमवारी, सकाळी सहा वीसच्या फेरीला अकरा माणसे होती. इंजिन मध्यावर बंद पडले. भैरूने हॅण्डल मारून पाहिले, लागले नाही. होडी वाहत बंधाऱ्याच्या दगडांवर आदळली. गावातल्या सुभद्राबाई यांचा उजवा हात मनगटात मोडला. भैरूने बांबू रोवून होडी धरली म्हणून बाकीचे भिजण्यावर निभावले. हे मी पाहिलेले नाही, होडीतल्या तिघांकडून वेगवेगळे विचारून घेतले.

ग्रामपंचायत सदस्य सोपानराव यांनी भैरूविरुद्ध तक्रार दिली आहे की, त्याने डिझेल बाहेर विकले व टाकीत रॉकेल मिसळले. भैरू सोमवारपासून इथे चौकीत बसवलेला आहे. होडी त्याच्याकडून काढून घेण्याचा ठरावही पंचायतीपुढे येणार आहे.

काल दि. १७ रोजी सकाळी नऊ वाजता होडी घाटाला दोराने बांधून मी इंजिन तपासले. सोपानराव व दोन पंच हजर होते. प्रथम टाकीतले डिझेल पांढऱ्या बाटलीत काढून उन्हात तासभर ठेवले. तळाला पाणी बसले नाही. रॉकेलचा वास नाही. सोपानरावांना हुंगायला दिले. ते म्हणाले, "आमाला कशाला हुंगायला लावता? तुमी सांगा की." मी म्हणालो, "तक्रार तुमची, नाकही तुमचंच पाहिजे." त्यांनी हुंगले व बाटली पंचांकडे दिली. फिल्टर नवा होता, मीच दिलेला. नोजल काढून पाहिले, फवारा बरोबर. पाइपात कचरा नाही.

मग टाकी काठोकाठ भरून इंजिन चालू केले व घड्याळ हातात धरले. चार मिनिटांनी बंद पडले. पाइपातली हवा काढून पुन्हा चालू केले, लगेच बंद. त्यानंतर मी चार लिटर डिझेल काढून घेऊन चालवले, तर ते तेरा मिनिटे चालले. सोपानराव म्हणाले, "ह्ये उलटंच झालं की वो. डिझेल कमी क्येलं आन् जास्त चाललं?" मलाही हे नवीन होते. एकोणीस वर्षांत असे पाहिले नव्हते, म्हणून आणखी दोनदा करून पाहिले. दर वेळी तसेच. टाकी जितकी भरलेली, तितके इंजिन लवकर उपाशी.

पाइप पंपाजवळ सोडवला. धार थोडी आली, मग थेंब, मग तेही थांबले. टाकीत डिझेल असताना. मी टाकीचे झाकण सैल केले. आत हवा ओढल्याचा आवाज पंचांनीही ऐकला, आणि खाली पाइपातून धार सुरू झाली. झाकणात हवेसाठी बारीक भोक असते. डिझेल जेवढे खाली जाईल तेवढी हवा त्यातून आत यावी लागते. हवा आली नाही तर डिझेल वरच अडकून राहते. टाकी भरलेली असली की आत हवा मुळातच थोडी, म्हणून लवकर अडकते. भोक शोधले, दिसले नाही. स्टोव्हची पिन घेऊन जागा चाचपली. पिनेच्या टोकाला हिरव्या ऑइल पेंटची खपली आली. ती कागदाच्या पुडीत हजर करीत आहे. त्यानंतर काठोकाठ टाकीवर इंजिन एक तास दहा मिनिटे चालले. मी बंद केले म्हणून बंद झाले.

तो रंग मी दिलेला आहे. खंडेनवमीला पूजेआधी माझ्याकडची सगळी इंजिने मी दरवर्षी स्वतः रंगवतो. हे इंजिन दि. ८ रोजी रंगवले. एका हातात झाकणावर जुना रंग दिसत होता, म्हणून दुसरा हात दिला. खंडेनवमीला हार घातला. दि. १२ रोजी होडी सुरू झाली व त्याच दिवसापासून इंजिन बंद पडू लागले.

दि. १४ रोजी भैरू माझ्या दुकानी आला. त्याचे म्हणणे होते, "आन्ना, बंद पडलं की म्या झाकण काढून टाकीत डोकावतो. डोकावलं की लागतंय बगा. आपुन न्हाई बगितलं तर रुसतंय." दुकानात चार माणसे होती, ती हसली. मी म्हणालो, "इंजिन आहे ते, बायको नाही." मी घाटावर गेलो नाही. बसल्या जागी फिल्टर दिला, तो बदलल्यावर टाकी काठोकाठ ठेव म्हणून सांगितले आणि पुन्हा झाकणाला हात लावायचा नाही, आत धूळ जाते, अशी ताकीद दिली. भैरू बरोबर सांगत होता. डोकावताना झाकण निघत होते.

सोमवारी मध्यावर त्याने झाकण का उघडले नाही, असे हवालदारसाहेबांनी मला विचारले. मी नको म्हणालो होतो म्हणून.

काल संध्याकाळी मी सुभद्राबाईंच्या घरी जाऊन आलो. त्यांचा हात गळ्यात बांधलेला आहे. त्यांना हे सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग त्या भैरूला सोडा की आदी. माज्याकडं काय बसलाय?" म्हणून आज सकाळच्या पहिल्या एस.टी.ने इथे आलो.

भैरूने डिझेल विकलेले नाही व त्यात काही मिसळलेले नाही. त्याच्या हातून कसूर झालेली नाही.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात "रंगामुळे भोक बुजले" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावून "मी दिलेल्या रंगामुळे" असे करून घेतले व खोडलेल्या जागी सही केली. बाकी मजकूर मी बोललो तसा उतरला आहे. भैरू बाहेर व्हरांड्यात बसला आहे. आत येताना मी त्याच्याशी बोललो नाही. हा जबाब त्यालाही मोठ्याने वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

सही
उद्धव ज्ञानोबा काळदाते