अकरावी गोष्ट

नाही हो, तो मागचा स्क्रू नका काढू — टीव्हीत काही नाहीये, टीव्ही ठणठणीत आहे. तुम्ही उगाच त्याला पालथा घालून बसलात. वायर बघा, वायर — कपाटामागून जाते ना ती, खिडकीपासून हातभर अंतरावर. मला कसं ठाऊक? — घर माझं, वायर माझी, मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? बघा तर खरं. हां, तीच. तुटलीय ना? — उंदीर असेल. असं बघू नका माझ्याकडे. बरोबर आहे, उंदीर इतकं सरळ कुरतडत नाही. एकतीस वर्षं वजनमापं खात्यात काढली मी, दुकानदारांचे काटे तपासण्यात — कुणी पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलंय, कुणी हळूच करंगळी टेकवलीय, मी दारातूनच सांगायचो. आणि आज तुम्ही माझी करंगळी धरलीत. असो. जोडा तुम्ही. साडेचारच्या आत व्हायला हवं. लेक हिला घेऊन हॉस्पिटलात गेलीय, गुडघा दाखवायला, आणि पाचला तो शेवटचा भाग पुन्हा लागणार आहे — कालचा हिचा हुकला ना. म्हणजे, मीच हुकवला.

ही म्हणजे बायको हो. नऊ आठवडे झाले, जिन्यात पाय घसरला, गुडघ्याची वाटी फुटली. तेव्हापासून ह्या खुर्चीत, पाय त्या स्टुलावर. आता तुम्ही म्हणाल, बायको अशी जखडलेली असताना माणूस तिला टीव्ही आणून देतो, आणि हा बाबा पक्कड घेऊन वायर कापतो? — तुम्ही म्हणणार नाही, तुम्ही सभ्य आहात, पण मनात म्हणालच. मीही म्हणतो. पण आधी ऐका तरी.

वर, अगदी आमच्या डोक्यावर, ड्रॉइंगमास्तर राहतात. शाळेतून निवृत्त, एकटेच, बायको वारली. किडकिडीत अंगाचे, बोलणं इतकं मऊ की कान पुढे करावा लागतो. तर ह्या मास्तरांचा एक नाद — ऋतू बदलला की एक यादी करायची आणि खाली जिन्याशेजारच्या फळ्यावर लावायची. दोन सिनेमे, तीन पुस्तकं, टीव्हीवरची एखादी मालिका, आणि चार बारीकसारीक गोष्टी, ज्यांनी म्हणे जीव सुखावतो. काय गोष्टी? — 'इस्त्रीचा गरम कपडा घडी घालण्याआधी गालाला लावून बघा.' 'हरवलेला मोजा सापडला तर कुणाला तरी फोन करून सांगा.' — हसताय? हसा. सगळी बिल्डिंग तिथे पिशव्या खाली ठेवून उतरवून घेते. तिसऱ्या मजल्यावरची डेंटिस्टीण तर फोटो काढते. एकूण दहा गोष्टी. मी कधी ढुंकून बघितलं नाही. दहा तर दहा, माझं काय जातंय?

पण ही पडली, खाली जाता येईना, तेव्हा मास्तरांनी थंडीची यादी हिच्यासाठी हाताने लिहून आणून दिली. अक्षर काय सांगू — छापल्यासारखं. आणि त्यात दहा नव्हत्या, अकरा होत्या! मी मोजल्या. मोजणं हा माझा धंदाच. अकरावी फक्त हिच्यासाठी — 'सव्वासातला तुमच्या खुर्चीतून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघा, दहा मिनिटं ऊन येतं.' दुसऱ्या दिवशी ही सातपासून खुर्चीत. मी काय केलं असेल? — खाली आवारात गेलो, मफलर गुंडाळून, आणि वर बघितलं. मला वाटलं, हा बुवा त्याच वेळी त्याच्या खिडकीत उभा असणार. पडदा ओढलेला! झोपला होता. आणि टाकीवर ऊन आलं, बरं का — खरंच आलं, गंजाचे डाग सुद्धा तांब्याचे वाटावेत असं. मी चरफडत वर आलो. ह्या घरात बावीस वर्षं राहतोय मी. मला ती टाकी कधी दिसली नव्हती असं नाही, पण — तुम्हाला कळतंय ना?

मग ती मालिका. नदीवर होडी चालवणाऱ्या एका विधवेची, आठ भागांची. तीही मास्तरांनीच सुचवलेली. तिसऱ्या भागात ती बाई कुठल्याशा अधिकाऱ्याला भर नदीत उतरवते, आणि ही हसली. अशी हसली — पाय दुखायला लागला तरी थांबेना. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. हे हसणं मी एकदाच ऐकलेलं होतं, लग्नाच्या आधी, फोनवर. ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, सव्वीस वर्षं. आमच्या ऑफिसातून बाहेरगावचे कॉल मी लावायचो — काम असो नसो. एकदा गडबडीत मी माझ्याच ऑफिसचा नंबर मागितला, ज्या फोनवरून बोलत होतो तोच! तेव्हा हसली होती. मी त्या हसण्यावर लग्न केलं, राव. आणि लग्नानंतर एकोणचाळीस वर्षं — दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात तिचं आयुष्य गेलं आणि घरी आली की मी पेपरामागे. आता कुठे ते हसणं पुन्हा निघालं, तर ते काढणारा कोण? वरचा!

वायर सापडली का दुसऱ्या टोकाची? — सावकाश, घाई नाही. म्हणजे आहे, पण सावकाश.

तर, दहाएक दिवसांपूर्वी उन्हाळ्याची यादी आली. दुपारची वेळ, ही झोपलेली, मास्तरांनी दाराखालून कागद सरकवला. मी उचलला. हिच्या हातात द्यायचा की नाही? — द्यायचाच होता. पण म्हटलं, अकरावी काय आहे बघू या. आणि अकरावी होती — पाठ आहे मला — 'यंदा अकरावी गोष्ट मी सुचवत नाही. ती तुमच्या मिस्टरांना विचारा.'

अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, मला हिणवतो काय? माझ्याच घरात, माझ्याच बायकोकडून माझी परीक्षा? — पण खरं सांगू? राग नव्हता तो. राग आधी आला, पण त्याच्या मागून जी आली ती भीती. कारण ही विचारणार होती. 'अहो, तुम्ही सांगा' म्हणून माझ्याकडे बघणार होती, आणि मी काय सांगणार होतो? मला काही सुचत नव्हतं. एक गोष्ट सुचत नव्हती. म्हणून मी कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला. आणि दुसरी यादी लिहिली. मी! मास्तरांच्या अक्षरात! दोन दिवस लागले. वाचनालयात जाऊन विचारलं, चांगलं पुस्तक कुठलं? — ती बाई म्हणाली, कुणासाठी? मी म्हटलं, बायकोसाठी. तिला काय आवडतं? — मला सांगता येईना. म्हटलं, जाड असलेलं द्या. सिनेमा घातला आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा बघितलेला. आणि बारीकसारीक सुखं — 'दाढी झाल्यावर गालावरून गार पाण्याचा हात फिरवा.' बाईमाणसाला! 'तराजूचा काटा हलता हलता मधोमध थांबतो, तो क्षण बघा.' अहो, मला तेवढंच सुख ठाऊक होतं. आणि अकरावी काय लिहिली असेल? — 'दुपारी चारला शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय ते बघा.' आणि रोज चारला मी स्वच्छ दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तिथे बसायचो. ही खिडकीबाहेर बघायची. पाच दिवस. सहाव्या दिवशी, म्हणजे काल, कागद हातात घेऊन म्हणाली, "मास्तरांचं यंदा लक्ष नाही हो यादीत. कशात जीवच नाही. आजारी असतील का?" आणि त्यांच्यासाठी सूप करायला लावलं. कुणाला? — मलाच! आणि तो डबा घेऊन वर कुणी जायचं? मीच.

गेलो. दार उघडलं त्यांनी. खोलीत भिंतीला लागून एक पलंग, चादर ताणून घातलेली, उशीशी दिवा — त्यावर कुणी झोपत नाही हे बघताक्षणी कळत होतं. म्हणाले, "यादी पोचली ना?" मी म्हटलं, पोचली. "अकरावीचा राग नाही ना आला? — आमची ही दोन वर्षं अंथरुणाला होती. मी तिला यादी करून द्यायचो, दर ऋतूला. पुस्तकं, सिनेमे, सगळं बाहेरचं आणून द्यायचो. एकदा ती म्हणाली, तुम्ही सगळं सुचवता, जरा नुसते बसा ना. मी म्हटलं, एवढी यादी संपवतो आणि बसतो. ती यादी मी संपवली तेव्हा ती नव्हती." असं म्हणाले, आणि डबा घासून देतो म्हणून आत गेले.

आता ह्यावर माणसाने काय करावं? माझ्या पोटातलं दुखणं तिथेच थांबायला हवं होतं, हो की नाही? — नाही थांबलं. वाढलं! तो लबाड असता, बायकोवर डोळा ठेवून असता, तर मला किती बरं वाटलं असतं. चांगल्या माणसाचा हेवा करायला लागलात ना की सुटका नसते, सांगून ठेवतो. त्याच्याशी भांडताही येत नाही. मी खाली आलो, तर ही चष्मा पुसून शेवटच्या भागाची वाट बघत बसलेली, लहान मुलीसारखी. सहाला पाच कमी. आणि मी विचार केला, हे शेवटचं हसणं सुद्धा त्याच्याच नावावर जाणार. मी म्हटलं, वायर सैल झालीय वाटतं, बघतो. आणि कपाटामागे गेलो.

पडदा काळा झाला तेव्हा एवढंच म्हणाली, "राहू दे. बसा तुम्ही." बसलो. तासभर बसलो दोघं. मास्तरांची ती खरी यादी तिथे माझ्या खिशात, चष्म्याच्या डबीत. आजही आहे. ही बघा. रोज काढतो, रोज ठेवतो.

लागलं? — लागलं की! वा, हे बघा, रंगही स्वच्छ. किती वाजले? — आवाज कमी करा. कमी करा म्हणतो ना, बंदच करा! ऐकलंत? — जिन्यात. काठीचा आवाज. लेकीला बजावलं होतं मी, खालून हाक मार, मी येतो घ्यायला. नाही मारली. दुसरं कुणी आहे बरोबर — तो, मास्तर. "एक पायरी, हां, आता दुसरी" — त्याचाच आवाज. आणि ही बघा, ही हसतेय. ऐकताय ना? तेच. फोनवर होतं ना, तेच. काय सांगितलं असेल त्याने?

थांबा, दार उघडू नका. कडीला हात लावू नका. दार उघडलं, मी समोर दिसलो, की थांबेल ती. मला ठाऊक आहे, लगेच थांबते.

तिचं हसून होऊ दे.

...झालं. सरका, मी उघडतो. आणि वायर कुणी कापली ते तुम्ही सांगू नका, ते मी सांगीन. जा तुम्ही आता. जा.