समुद्राला डागणी

नाही नाही, तिथून सुरुवात नको करूस — मागच्या दोघांनीही तिथूनच केली आणि चहा पिऊन चालते झाले. आधी टाकी बघ. झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे, मीच उघडा ठेवलाय, तेव्हा ते मला सांगत बसू नकोस. पेट्रोल ताजं आहे, जावयानं परवा आणून दिलं. आता नळीवरचा तो रबरी फुगा दाब — दाब, अजून दाब, कडक होईपर्यंत — झाला ना? म्हणजे नळी कुठे गळत नाही. एवढं मलाही कळतं, अकील. तुला सित्र्याहून इतक्या लांब मालकियाला बोलावलं ते फुगा दाबायला नव्हे. माझा चुलतभाऊ म्हणाला, सित्र्याचा अकील बोटीच्या इंजिनाला कान लावतो आणि रोग सांगतो. तर लाव बाबा कान. पण चालू करायचं नाही. चालू न करता कसं कळणार म्हणतोस? का, डॉक्टर काय माणसाला आधी पळवून बघतो आणि मग नाडी धरतो? पान्यानं जेवढं बघता येईल तेवढं आधी बघ. किल्ली तिथे लटकतेय, ती राहू दे तिथेच.

खिडकीकडे बघू नकोस. सासूबाई आहेत माझ्या. घरात पुरुष नाही, अंगणात परका माणूस आलाय, म्हणून बसल्यात — रीत म्हणून बसल्यात, माझ्यासाठी नव्हे. माझ्याशी बोलत नाहीत त्या. एका घरात राहतो, एका ताटात जेवतो, मीठ हवं असलं तर बोटानं दाखवतात. ऐकू मात्र सगळं येतं हं, वय झालं असलं तरी. मासा तव्यावर कच्चा आहे की झाला ते आवाजावरून सांगायच्या. जरा हळूच बोल तू. हो, तू बोलतच नाहीयेस, मीच बोलतेय. तोंडाला सवय राहिली नाही रे, कोणी भेटलं की असं होतं.

काय होतं म्हणून काय विचारतोस? बंद पडतं. चालता चालता गचके देतं आणि बंद पडतं. बोट शेवटची कोणी चालवली? — तुला खरंच ठाऊक नाही की माझ्या तोंडून ऐकायचंय? माझ्या नवऱ्यानं. मक्कीनं. हो, तोच मक्की, ॲल्युमिनियमच्या कारखान्यातला, गेल्या हिवाळ्यातला. बोट सापडली, तो नाही सापडला. उथळ खडकाचा तो पट्टा आहे ना समोर, जिथे सगळे हौशी लोक शेरी मासा धरायला जातात, तिथेच होती. नांगर टाकलेला, दोर नीट गुंडाळून ठेवलेला, आणि इंजिन पाण्यातून वर उचललेलं. तटरक्षकांनी ओढून आणली. म्हणाले, बाई, बोटीला काही झालेलं नाही. अरे, काही झालं नाही तर इंजिन वर कशाला उचललं? भर समुद्रात, नांगरावर असताना, कोण उचलतं? पंख्यात काही अडकलं तरच ना? तूही उचलशील. गळाची दोरी पंख्यात गेली असणार — इंजिन बंद पडलं, त्यानं ते वर केलं, दोरी सोडवायला वाकला, लाट आली, तोल गेला. अंगात जाड कोट, पाणी थंडगार. झालं. यात न समजण्यासारखं काय आहे, सांग तूच.

लाट नव्हती, हे तुला कोणी सांगितलं? बरं, नव्हती. शुक्रवारची सकाळ होती, वारा पडलेला होता, मीही गच्चीवर कपडे वाळत घालताना बघितलं होतं, पाणी हलत नव्हतं. पण माणसाचा तोल जायला लाटच लागते का? अंगणात नाही पडत माणसं? आणि तो काही तरुण नव्हता. सुरी धुऊन पुसून जागेवर ठेवलेली होती, आमिषाचा डबासुद्धा घासून पालथा घातला होता — आणि हा माणूस कसा, लग्न झाल्यापासून मी त्या डब्यावरून ओरडतेय, सडक्या कोळंबीचा वास, मांजरं गोळा होतात, शेजारीण नाक मुरडते, एकदा म्हणून धुतला नाही. त्या दिवशी धुतला. तिथे, समुद्रात बसून धुतला. — हे मी तुला का सांगितलं? डब्याचा आणि इंजिनाचा काय संबंध? तू प्लग काढ.

दाखव. बिस्किटाचा रंग आहे ना टोकाला? म्हणजे नीट जळतंय. काळं ओलं असतं तर पेट्रोल जास्त, पांढरं असतं तर इंजिन तापतंय. बघतोस काय असा? बाई असून कसं कळतं म्हणून? त्यानंच शिकवलं. आधी बोटीला हात लावू द्यायचा नाही हं मला. बाईनं बोटीत पाय ठेवला की मासे पळतात म्हणायचा, आणि त्याची आई हो ला हो करायची. मग कारखान्यातून निवृत्त झाला आणि घरात बसला. बसला म्हणजे बसलाच. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा, दवाखान्यात चल म्हटलं की मला काही होत नाही म्हणायचा. दिवाणखान्यात दिवा न लावता बसून राहायचा. मी दिवा लावला की डोळे मिटायचा. मला भीती वाटायची त्याची — म्हणजे त्याची नव्हे, त्याच्याबद्दल. आणि एक दिवस अचानक उठला आणि म्हणाला, नर्जिस, ये, तुला इंजिन दाखवतो.

मला काय आनंद झाला, काय सांगू तुला. रोज संध्याकाळी आम्ही दोघं इथे, तू उभा आहेस ना, तिथेच. रबरी वाट्यांतून नळाचं गोडं पाणी सोडून, इंजिन चालू ठेवून ते कसं धुवायचं, फिल्टरमध्ये पाणी साचलंय हे कसं ओळखायचं, पंपातलं रबरी चक्र झिजलं की पाण्याची धार कशी बारीक होते, सगळं. न चिडता सांगायचा. माझे हात काळे झाले तर स्वतः साबण लावून धुवायचा. मी बहिणीला फोन करून सांगितलं, म्हातारपणी माझ्या प्रेमात पडलाय, आणि आम्ही दोघी खूप हसलो. आणि गिऱ्हाईक आलं तर आधी काय दाखवायचं, तेही शिकवलं. म्हणाला, आधी तळ दाखव, कुठे तडा नाही, मग इंजिन, आणि पहिली किंमत तू बोलू नकोस, त्याला बोलू दे. मी म्हटलं, गिऱ्हाईक कशाला येईल? तो म्हणाला, येतं कधी कधी.

पुढचं बघ. फिल्टर बघ ना. पाणी नाहीच आहे त्यात, मला माहीत आहे, तरी बघ. चहा ओतू का? वेलची घातलीय. नको? मागच्या दोघांनी घेतला होता. चहा घेतला, ठीक आहे म्हणाले, विकून टाका म्हणाले. पंखा कोणी काढला नाही. तू काढशील. पण थांब, आधी तुला सांगायला हवं मी हे कशासाठी करतेय, नाहीतर तुला वाटेल बाईचं डोकं फिरलंय. तसं गावात म्हणतातच.

तुमच्या सित्र्याच्या म्हाताऱ्या समुद्राला डागणी देत असतील ना? आमच्या देतात अजून. मोत्यांसाठी लोक जायचे तेव्हापासूनची रीत. खजुराची सुकी झावळी पेटवायची, घरातल्या बायकांनी गुडघाभर पाण्यात जायचं आणि पेटतं टोक पाण्याला टेकवायचं. चर्र होतं आणि विझतं. पोराच्या पोटात दुखलं की डागतात ना, तसंच. समुद्राला म्हणायचं, चोरलंस ते परत दे, नाहीतर पुन्हा डागू. मला कळतं रे, पाण्याला काही होत नाही. पण त्यानंतर गाव म्हणतं, ह्या घरातला माणूस समुद्रानं नेला. मग त्याच्यासाठी मोकळं रडता येतं. बायका येतात, गळ्यात पडतात, दाराशी जेवण ठेवून जातात. झावळी पेटवायचा मान थोरल्या बाईचा. दुसऱ्या कोणी पेटवली तर चालत नाही.

मी झावळी आणून ठेवली होती, ती बघ भिंतीला टेकून आहे अजून. सगळ्या जमल्या होत्या, शेजारच्या, माझ्या बहिणी, काळ्या अबायांनी खोली भरली होती. मी काडेपेटी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवली. त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी तटरक्षकाला स्वतः विचारलं होतं, इंजिन, नांगर, डबा, एकेक गोष्ट, आणि तो बिचारा खरं खरं सांगत गेला. सगळ्या बघतायत आणि त्या म्हणाल्या, "समुद्राचा गुन्हा असता तर मी पेटवली असती." एवढंच. आणि काडेपेटी मला परत दिली. बायका एकेक करून उठल्या. कोणी माझ्या खांद्याला हात लावला नाही. त्या दिवसापासून मी ना सवाष्ण ना विधवा. मशिदीतले शेख म्हणतात, तो गेला असं इतक्यात धरू नका, थांबा, माझी जाऊ म्हणते, खोली रिकामी करून पाहुण्यांना द्या, आणि सासूबाईंनी तोंडाला कुलूप घातलंय. आई आहे त्याची. तिनंच असं म्हटल्यावर बाकीच्यांना काय कोणी अडवायचं? तूही ऐकलं असशील सित्र्यात. मक्की पडला नाही, उतरला. असंच म्हणतात ना? सांग, मी काही रागावत नाही.

म्हणून मला एक बिघाड हवाय. मोठा नको, बारीकसा चालेल. तो मी त्यांच्यापुढे नेऊन ठेवीन आणि म्हणेन, हे बघा, ह्यानं त्याला मारलं. मग त्या उठतील, मी ओळखते त्यांना, दगडाच्या नाहीत त्या. रात्री भिंतीपलीकडून ऐकू येतं मला.

चल. आता पंखा. ती पिन आहे ना, तिचे पाय सरळ कर, पक्कडीनं ओढ. नट सोडव. लाकूड अडकव पंख्यात, नाहीतर फिरेल. हां. हळू ओढ. आता मागची चकती काढ आणि दांड्याच्या मुळाशी बघ — तिथे जाऊन बसते दोरी, तुला माहीत आहे, वितळून केसासारखी चिकटते, वरून दिसत नाही. नखानं खरवड. फडक्यानं पूस आणि मग बघ. उजेड हवा का? मी आरसा धरते, ऊन पाडते आत. इकडे बघ, खाली. — नाही? नीट बघ. एखादा तुकडा. चरा तरी पडला असेल दांड्यावर, दोरीचा चरा पडतो. — नाही.

काय, बोटाला लागलेलं काय दाखवतोयस? ग्रीस. हो, स्वच्छ आहे. नवंच आहे ते. त्याच आठवड्यात लावलं त्यानं. मी ती पिन हातात धरून उभी होते, पडेल म्हणून मूठ घट्ट धरली होती. पंखा चढवला, नट आवळला, माझ्याकडून पिन घेतली आणि म्हणाला, आता बरेच दिवस तुला बघायला लागणार नाही. 'मला' नव्हे, 'तुला' म्हणाला. मी म्हटलं, मला कशाला बघायला लागतंय, तू आहेस की. तो हसला. छान हसला, मला बरं वाटलं. — तेव्हा जर दोरी असती तर त्यालाच दिसली असती, असं म्हणायचंय ना तुला? त्यानंतर एकदाच गेली बोट. मला हिशोब कळतो. तू तोंडानं बोलू नकोस.

बसव परत. पिन नवी टाक, जुनी मोडते. झालं? मग आवर आता. काय करतोयस? नळाचा पाईप कशाला ओढलास? नको, अकील, मी सांगितलं होतं तुला — त्या रबरी वाट्या काढ तिथून, पाणी बंद कर — त्या बोटीचा आवाज नको आहे मला ह्या अंगणात, किल्लीला हात लावू नको, अरे —

पहिल्या फटक्यात. वर्ष होत आलं बंद पडून, आणि पहिल्या फटक्यात. धार बघ कशी सरळ पडतेय. बंद कर. खिडकीत कोणी नाही. अरे बंद कर ते, त्या उठल्या, दार उघडतायत — आई, सावकाश, पायरी आहे. चप्पल नाही घातली तुम्ही. हातात काय आहे? पातेलं कशाला आणलंत, आई? — शुक्रवारी तो परत आला की धुवायला इंजिन असंच चालू करायचा, अकील, आवाज ऐकला की ह्या पातेलं घेऊन यायच्या माशांसाठी. — नाही, आई. आला नाही. मक्की आला नाही. हा सित्र्याचा अकील, बोट बघायला आलाय.

बोलल्या माझ्याशी. ऐकलंस? आला का ग, म्हणाल्या.

आई, इकडे बसा. ऐका माझं. बिघाड सापडला. पंख्यामागे दोरी होती, गळाची, घट्ट बसलेली, म्हणून बंद पडलं होतं. ह्यानं काढली आत्ताच, म्हणून तर चालू झालं. वाकला असेल तो दोरी सोडवायला. मी नाही सांगत, हा सांगेल, हा जाणकार आहे. अकील, सांग ना आईंना. होती ना दोरी? — तुझ्याकडे बघतायत त्या. तोंडानं नको सांगूस, नुसती मान हलव. एवढीशी हलव. — अकील. खाली नको बघूस, बाबा. त्यांच्याकडे बघ.

बरं. पाने गोळा कर तुझे. जाताना फाटक ओढून घे.