हर्षिदाबेननी वर्गात आणलेल्या काड्या

आदरणीय अध्यक्ष कनुभाई, व्यासपीठावरचे शिक्षण कचेरीचे पटेलसाहेब, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या गणिताच्या हर्षिदाबेन, आणि माझ्या चुनारवाड्यातल्या बायांनो,

मी जसु. पालक समितीतर्फे बोलायला उभी आहे. चौथीत शाळा सुटली, तेव्हा गोडगोड शब्द माझ्याकडे नाहीत.

आपण खंभातच्या पतंगवाल्या. बोटांना खळ, नखांत बांबूची कुसं. माझी रिंकल यातून सुटावी म्हणून तिला शाळेत घातली. आणि एक दिवस दारातून बघते तर काय, पोरगी वर्गात पतंगाच्या काड्या मांडून बसलेली! तुमचं डोकं फिरलं नसतं? हर्षिदाबेन म्हणाल्या, "जसुबेन, आत या, बघा तरी." मी कसली आत जाते! तडक कचेरी गाठली. "बाई शिकवत नाही, पोरींकडून पतंग करून घेते," असं चारचौघांत ओरडून आले. पटेलसाहेब, खाली काय बघताय, ऐकायला तुम्हीच होतात.

बेनची बदली झाली. थेट कच्छला. इथं त्यांच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या.

परवा रिंकल जेवेना. "तोंड का पाडलंस गं?" म्हटलं. तिनं माझ्या ढिगातल्या दोन काड्या उचलून फुलीसारख्या ठेवल्या. "आई, हा कोन सत्तर अंशाचा. मग समोरचा सत्तरच. शेजारचे दोन्ही एकशे दहा. एकच मोजायचा, बाकीचे कळतात."

"थापा मारू नकोस."

"मग फिरव काडी!"

फिरवली. हा कोन फाकला, तेवढाच शेजारचा आवळला. सरळ काडीवर जागा तेवढीच ना!

"बेन हेच शिकवत होत्या. तू आत का नाही आलीस?"

काल बेनच्या घरी गेले, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या भाषण तुम्हीच करा. तुमचा आवाज कचेरीपर्यंत पोचतो." टोमणा होता की माया, अजून कळलेलं नाही.

तर साहेब, त्याच आवाजात सांगते. माझी तक्रार खोटी होती. सोमवारी कचेरीत येते, बदली रद्द करा म्हणायला. कोण येतंय बरोबर? मंगुबेन, पदराआड काय हसतेस, तुझी पोरगी गणितात पास झाली ती कुणामुळे?

शाल-श्रीफळ कनुभाईंनी द्यावं. मी हात लावणार नाही. दिलं की निरोप पक्का होतो.

एवढं ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. जीभ घसरली असेल तर सभेनं पदरात घ्यावं. हर्षिदाबेन, तुम्ही मात्र मला इतक्यात माफ करू नका. आधी बदली रद्द होऊ द्या.