टाकी भरून परत दिलेली गाडी

नाही हो, उभ्या-उभ्या काय कळणार तुम्हाला, खाली वाका ना — हा पुठ्ठा घ्या, त्यासाठीच ठेवलाय, पाठीवर झोपा आणि दाराखालच्या पट्ट्या नीट बघा. डावी तीनदा कापून नवी जोडलीय, उजवी दोनदा. तुम्ही विचारायच्या आधीच सांगतेय, म्हणजे उद्या शहरात, ऊलूला जाऊन म्हणायला नको की त्या हिल्काबाईंनी गंजकी गाडी गळ्यात मारली. रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खातं, त्याला मी काय करणार? पण दर मार्चात, गाडीच्या सरकारी तपासणीच्या आधी, गाडी वर उचलायची, बूड खरवडायचं, स्क्रूड्रायव्हर टोचत टोचत पुढे जायचं आणि जिथे तो आत घुसेल तिथला पत्रा कापून नवा बसवायचा — चोवीस वर्षं झाली, एक मार्च चुकला नाही. वेल्डिंग? मीच केलंय. हसा, हसा! तपासणीवालाही पहिल्या वर्षी असाच हसला होता, मग हातोडीने ठोकून बघितलं आणि शिक्का मारून दिला. आम्ही काम करायचो ते असं करायचो की पुन्हा — आम्ही म्हणजे मी. मीच.

उठा आता, गारठाल. तर सहा लाख चाळीस हजार किलोमीटर झालेत, आकडा खरा आहे, मागे फिरवलेला नाही. इंजिन एकदाच उघडलं, गॅस्केट गेलं होतं तेव्हा, आणि तेही कुठे उघडलं सांगू? गोठ्यात. हो, गायींच्या गोठ्यात — बाहेर उणे एकतीस, शेडमध्ये पाना हाताला चिकटायचा, कातडी घेऊन निघायचा, आणि गोठ्यात मात्र चौदा गायींची ऊब. तीन दिवस लागले. गायींनी दूध कमी दिलं त्या आठवड्यात, इंजिनाच्या वासाने असेल नाहीतर आमच्या भांडणाने असेल, कारण हेडचे बोल्ट कुठल्या क्रमाने आवळायचे यावरून आमची जुंपली होती — पुस्तक माझ्या हातात, तरी तो आपलंच खरं करणार. कोण तो? गोठा ज्याचा, तो. तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी, तुम्ही गाडी बघा. तेल दर साडेसात हजाराला बदललंय, डिझेलचा फिल्टर दर हिवाळ्याच्या तोंडावर. ही पुढे लोंबणारी वायर इंजिन गरम करायची, रात्री अंगणातल्या विजेच्या खांबाला लावून ठेवायची, आळस करायचा नाही. आळस केलात तर सकाळी ती तुमचा आळस काढेल.

विकताय कशाला, म्हणता? वय झालं. डोळे गेले. गुडघे. काय पाहिजे ते कारण घ्या — अडुसष्ट वर्षांच्या बाईला कारणांची वानवा नसते.

काय? हो, टाकीचे पट्टे नवे आहेत. बारीक नजर आहे हो तुमची. टाकी मी गेल्या वर्षी काढली, पूर्ण खाली उतरवली, धुतली, नळ्या धुतल्या, फिल्टर दोनदा बदलला. गळत होती? नाही, गळत नव्हती. धुवायची होती. धुवायची होती कारण तिच्यात — आता तुम्हाला सांगायलाच हवं, लपवून विकायची सवय नाही मला — तिच्यात लाल तेल होतं. तुम्ही शहरातले, तुम्हाला कुठलं माहीत असायला? ट्रॅक्टरला जे डिझेल घालतात ना, त्यावर कर कमी असतो, म्हणून सरकार त्यात लाल रंग मिसळतं, चोर ओळखू यावा म्हणून. शेतात चालवा, पंपाला घाला, रस्त्यावरच्या गाडीत मात्र घालायचं नाही. घातलं तर गुन्हा. आणि तो रंग असा चिवट असतो की दोन टाक्या साधं डिझेल जाळलं तरी खाणाखुणा उरतात. म्हणून धुतली. आता स्वच्छ आहे, नमुना काढून बघा खुशाल.

मी घातलं का? तुम्हीही तेच विचारा! सगळ्या गावाने विचारलं, तोंडाने नाही पण डोळ्यांनी. मी सोळा वर्षं कोर्टात बसलेय, माहीत आहे? गावातर्फे, न्यायाधीशाच्या शेजारी, खुर्ची टाकून. लोकांची भांडणं, चोऱ्या, दारूच्या भट्ट्या — सगळ्यांच्या डोळ्यांत बघून हो किंवा नाही म्हटलंय मी. आणि गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत पाच नंबरच्या हमरस्त्यावर, पेट्रोलपंपाजवळ, कस्टमच्या माणसांनी हात दाखवून गाडी बाजूला घेतली. मी मजेत! म्हटलं, करा तपासणी, बापड्यांनो, थंडीत उभे आहात. त्या मुलाने टाकीत बारीक नळी घातली, ओढलं, काचेची नळी उजेडात धरली — आणि आत लालभडक, आपलं लिंगोनबेरीचं सरबत असतं तसं. माझ्या मागे चर्चच्या गायकमंडळाची बस उभी होती, कॉफीसाठी थांबलेली. सगळ्या खिडक्यांतून माना बाहेर. मुलगा सभ्य होता हो, त्याचं काही चुकलं नाही, त्याने हळूच विचारलं, बाई, ही गाडी आणखी कुणी वापरतं का?

मी म्हटलं, नाही.

बघू नका असे माझ्याकडे. खोटं बोलले, झालं. सोळा वर्षं शपथा ऐकल्या आणि स्वतःची वेळ आली तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून खोटं बोलले, कागदावर सही केली, दंड भरला. कुणासाठी? त्याच्या चार दिवस आधी गाडी कुणी नेली होती? एन्सिओने. माझ्या भावाने. तो बघा, तळ्यापलीकडे धूर दिसतो ना, ते त्याचं घर. त्याला ऊलूला जायचं होतं, डोळ्याचं ऑपरेशन, त्याची गाडी बंद पडलेली — म्हटलं, ने बाबा, विचारायचं काय त्यात. तीन दिवसांनी घेऊन आला, पट्टी बांधलेली एका डोळ्याला, आणि किल्ली टेबलावर ठेवत म्हणतो, टाकी काठोकाठ भरलीय बरं का! आमच्याकडे ती रीतच आहे, उसनी नेलेली गाडी टाकी भरूनच परत द्यायची, घरात दुष्काळ असला तरी. मला एवढं बरं वाटलं! वेलदोड्याचे पाव बांधून दिले त्याला. आणि त्याने टाकी भरली होती कुठे — स्वतःच्या अंगणात, ट्रॅक्टरच्या टाकीतून! रीतही पाळली आणि खिसाही वाचवला.

नाही, नाही, मी तेव्हाही म्हटलं, चुकून झालं असेल. त्याच संध्याकाळी त्याला जेवायला बोलावलं, माशाचं सूप केलं, त्याच्या आवडीचं, आणि घडलं ते सगळं सांगितलं — तुझं नाव घेतलं नाही, तेही सांगितलं. वाटही काढून दिली हो मी त्याला! म्हटलं, एन्सिओ, डोळ्याला पट्टी होती तुझ्या, अंधारून आलेलं, झाला असेल घोटाळा. फक्त हो म्हण. एवढंच पाहिजे होतं मला. एवढंच. तर तो चमचा खाली ठेवतो आणि म्हणतो — काय लोक असतात बघ, कुणी घातलं असेल गं? कानावर हात ठेवले! माझ्या टेबलावर, माझं सूप खात! आणि दुसरी वाटी मागितली.

आणि इथेच थांबला असता तरी मी गिळलं असतं, सख्खा भाऊ आहे. पण आठवड्याने मी दुकानात पावाच्या फळीमागे उभी, आणि पलीकडे कॉफीच्या टेबलावर हा साळसूद आवाज — आमच्या हिल्काची पेन्शन ती केवढी, डिझेलचे भाव बघता ना, माणूस काय करणार, आपण समजून घ्यायला हवं तिला. समजून घ्यायला हवं! मला! केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी पावाच्या फळीमागे उभं राहून ऐकलं. आणि बायका मान डोलावतायत, किती गुणाचा भाऊ म्हणून. मी पाव तिथेच ठेवला, बाहेर आले, घरी येऊन कोर्टाला राजीनामा लिहिला. तेव्हापासून तळ्यापलीकडे पाऊल टाकलं नाही. त्यानेही नाही. वर्ष झालं. या वर्षीचा पत्रा बघितलात ना, उजवीकडचा, जरा वाकडा बसलाय — धरायला कुणी नव्हतं. एकटीने पत्रा धरायचा आणि एकटीनेच वेल्डिंग करायचं, गुडघ्याने दाबून धरला होता मी तो. रडले नाही. धूर जातो डोळ्यांत.

पुरे झालं. तुम्ही गाडी बघायला आलात आणि मी काय काढून बसले. बसा आत, सुरू करून बघा, मी वायर काढते. हं, किल्ली फिरवा —

थांबा.

पेटली, पण हात कुठे घातलात तो? स्टिअरिंगखाली. तिथे बटण आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? नाही, मी सांगितलं नाही. बघू जरा तोंड. ते बटण कुठल्या कंपनीने दिलेलं नाही, आमच्या आईच्या घराच्या दारावरच्या घंटेचं बटण आहे ते. इंजिन पेटायच्या आधी आतून तापवणारा पाचवा हीटर प्लग नीट तापेना तेव्हा एन्सिओने काढून आणून तिथे लपवून बसवलं, किल्ली फिरवून ते दाबून धरल्याशिवाय ही थंडीत पेटत नाही. आणि ते जगात दोघांनाच माहीत आहे. कुणाचा रे तू? खरं बोल. ऊलूची मार्केत्ता — एन्सिओच्या बायकोची बहीण — तिचा आलेक्सी? एवढासा होतास, माझ्या अंगणात घसरगुंडीवरून पडला होतास. आणि फोनवर मला म्हणतोस, जाहिरात वाचली! जाहिरात मी फक्त आपल्या गावच्या साप्ताहिकात दिली होती, बाळा. ते ऊलूत कोण वाचतं? इंटरनेटवर मुद्दाम टाकली नव्हती. ते साप्ताहिक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्यासाठीच दिली होती मी ती. कळलं का? मला ही गाडी विकायचीच नव्हती. मला वाटलं, वाचेल आणि येईल. धावत येईल, ओरडत येईल, वेडी झालीस का म्हणेल, आणि मग एकदाचं ते एक वाक्य तोंडातून काढेल.

आणि त्याने काय केलं, तर तुला पाठवलं. काय म्हणाला? ती मागेल ते दे, घासाघीस करू नकोस. असं म्हणाला? उदार झाला. सगळी गाडी विकत घ्यायला तयार आहे, पण दोन शब्द म्हणून नाही निघत. आणि माझ्याकडून हे सगळं ऐकून घेतलंस, मुकाट, मान हलवत हलवत. कुठे आहे तो? घरी ना?

कुठे?

रस्त्याच्या तोंडाशी, पत्रपेट्यांपाशी? आत्ता? ती निळी गाडी तुझी — त्यात बसलाय? तीनशे पावलांवर? बसलाय आणि बघतोय इकडे, आता दोन्ही डोळे चांगले झालेत त्याचे —

हात कशाला करतोस त्याला? खाली घे तो हात. उतर. इंजिन राहू दे चालू, मी बंद करीन. आणि ते पाकीट आत ठेव, बाहेर काढू नकोस माझ्यासमोर. काय सांगू म्हणतोस त्याला? सांग की — चालत ये म्हणावं. नको. थांब. तेही सांगू नकोस. काहीच सांगू नकोस. गप्प कसं बसायचं ते तुला आता शिकवायला नको. जा.

जा म्हटलं ना.